जंतूंचे आकार आणि खीरदानाचे पातेले



जयंतीचे भोजनदान किंवा बुद्ध पौर्णिमेचे खीरदान झाल्यावर कधी कधी वस्तीत उलट्या-जुलाब सुरू होतात. लगेच 'नजर लागली', 'बाहेरचे आहे' अशी कुजबुज होते. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, असे तथागतांनी कालामांना सांगितले. म्हणून हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसतात ते समजून घेऊ.

गोल जंतू : स्टॅफिलोकोकस ऑरियस. द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. तो नाकात, कातडीवर, पिकलेल्या जखमेत राहतो. वाढणाऱ्याच्या हातातून खिरीत उतरतो, कोमट खिरीत वाढतो आणि विष सोडतो. काही तासांतच उलट्या होतात.

दांडीसारखे जंतू : साल्मोनेला आणि ई. कोलाय. दोघे दिसायला सारखेच. नुसत्या आकारावरून ते ओळखू येत नाहीत, त्यासाठी लॅबमध्ये कल्चर करावे लागते. कच्चे अंडे, अर्धवट शिजलेली कोंबडी, दूषित पाणी यांतून ते येतात. अन्न पूर्ण शिजवले की मरतात.

बीजाणू धरणारी दांडी : बॅसिलस सिरियस. भात शिजताना दांडी मरते, पण तिचा टणक बीजाणू टिकतो. भात तासन्‌तास तसाच राहिला की तो रुजतो आणि विष तयार होते.

वाकडे जंतू : कॉलऱ्याचा जंतू स्वल्पविरामासारखा असतो. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात तो रुग्णांमध्ये आणि तलावाच्या पाण्यात दाखवला. कोंबडीतून येणारा कॅम्पिलोबॅक्टर मळसूत्रासारखा असतो, पण जुना झाला की गोल होतो.

आम्ही शिबिरे घेतो तेव्हा बायाबापड्या विचारतात, "ताई, पुन्हा उकळले की झाले ना?" नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण गोल जंतूचे आणि भातातले विष तसेच राहते.

म्हणून विहारात एवढे पाळू या :

१. हाताला जखम किंवा फोड असेल त्याने स्वयंपाक करू नये, वाढू नये. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत.

२. शिजलेले अन्न २ तासांत वाढावे, नाहीतर वाफ येईल इतके गरम ठेवावे. रात्रीचे उरलेले सकाळी वाटू नये.

३. जुलाब लागल्यास ओआरएसचे १ लिटरचे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे. शौचात रक्त, लघवी बंद, डोळे खोल गेलेले, मूल पाणी पीत नाही, यांपैकी काहीही दिसले तर अंगारा-धुपारा न करता थेट दवाखाना गाठावा.

जंतू जात विचारत नाही, नवस ऐकत नाही. त्याला ऊब आणि वेळ लागतो. ते दोन्ही त्याला मिळू न देणे आपल्या हातात आहे.