शोभेच्या माशांचे रंग कां बदलतात?

शेतीच्या जोडीला सिमेंटच्या हौदांत शोभेचे मासे वाढवून विकण्याचा धंदा आपल्याकडील कांहीं शेतकरी करीत आहेत. या धंद्यांत मालाचा भाव बहुतांशीं रंगावर ठरतो. म्हणून मासा फिका पडला कीं पाळणारा घाबरतो आणि हातीं लागेल तें औषध पाण्यांत ओततो. आमचें सांगणें असें कीं, औषधास हात लावण्यापूर्वीं एक गोष्ट पाहावी : रंग किती वेळांत बदलला? कारणाचा पुष्कळसा उलगडा तेवढ्यानेंच होतो.

माशाच्या कातडींत रंगपेशी असतात. कांहींत काळें, तर कांहींत पिवळें किंवा तांबडें रंगद्रव्य असतें. चकाकणाऱ्या पेशींत ग्वानीन नांवाच्या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक असून ते प्रकाश परतवितात. काळ्या पेशीस शाखा असतात. रंगाचे कण त्या शाखांत पसरले म्हणजे मासा गडद दिसतो, मध्यभागीं गोळा झाले म्हणजे फिका दिसतो. खळ्यावर पसरलेलें धान्य जमीन झांकून टाकतें, त्याचीच रास केली तर जमीन उघडी पडते, तसाच हा प्रकार होय.

कांहीं क्षणांत किंवा तासांत झालेला बदल बहुधा या कणांच्या हालचालीचा असतो. ती मज्जातंतू व मेंदूच्या बुडाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे स्राव यांच्या ताब्यांत असते. पांढऱ्या तळाच्या पेटींत मासा फिका होतो, काळ्या तळावर गडद होतो; कारण भोंवतालचा रंग त्याला डोळ्यांनीं कळतो. इतकेंच नव्हे, तर आंधळ्या माशाच्या डोक्याच्या वरच्या भागासही प्रकाश जाणवतो व त्यानें रंग पालटतो, हें कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनीं १९११ सालीं प्रयोगानें दाखविलें. निऑन टेट्रा हा मासा रात्रीं फिका पडतो आणि सकाळीं उजेड होतांच पुन्हा खुलतो. प्रवासानें भेदरलेले मासेही असेच फिके दिसतात. अशा वेळीं औषध नको. गडद तळ, लपावयास पाणवनस्पती व विश्रांति पुरे.

आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं होणारा बदल निराळा. गोल्डफिशचीं पिलें प्रथम हिरवट-तपकिरी असतात. पुढें त्यांच्या काळ्या पेशी नाहींशा होतात व सोनेरी रंग उघडा पडतो. हाच मासा फार दिवस अंधारांत ठेवल्यास निस्तेज होतो. तांबड्या-पिवळ्या रंगास लागणारीं कॅरोटिनॉइड द्रव्यें मासा स्वतः बनवूं शकत नाहीं. तीं त्याला खाद्यांतूनच मिळावीं लागतात. स्पिरुलिना, कोळंबी व झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी यांत तीं असतात. मात्र कीटकनाशक फवारलेला झेंडू कदापि वापरूं नये. कित्येक कीटकनाशकें माशांस अत्यल्प प्रमाणांतही मारक ठरतात.

रंगाबरोबर वागणूकही बिघडली तर मात्र विलंब करूं नये. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके हें परजीवीचें लक्षण होय. कल्ले तपकिरी होऊन मासे पृष्ठभागीं धापा टाकूं लागले तर पाण्यांत नायट्राइट वाढल्याचा संशय घ्यावा. नव्या हौदांत विष्ठेपासून होणाऱ्या अमोनियाचें व नायट्राइटचें रूपांतर करणारे जंतू पुरेसे वाढलेले नसतात. येथें पहिला उपाय म्हणजे खाद्य थांबवून कांहीं पाणी बदलणें. क्लोरीन घातलेलें नळाचें पाणी असल्यास तें एक दिवस उघडें ठेवून मगच घालावें.

खरेदींत एक सावधगिरी हवी. आपल्याच देशांत सांपडणाऱ्या एका कांचेसारख्या पारदर्शक माशास सुईनें रंग टोंचून तो विकल्याचे प्रकार झाले आहेत. हा रंग कांहीं महिन्यांत उडतो, माशास इजा होते व सुईबरोबर रोग पसरण्याचें भय असतें. असा माल घेऊं नये आणि विकूंही नये.

प्रत्येक हौदाजवळ एक वही ठेवून बदल केव्हां दिसला, त्या दिवशीं खाद्य, पाणी व उजेड यांत काय फरक केला होता, हें लिहावें. अशी नोंद असेल तर पुढच्या वेळीं कारण शोधण्यास फार वेळ लागणार नाहीं, व औषधाचा निष्कारण खर्चही वांचेल.