स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे : वरच्या वर्गांसाठी एक पाठ

२७ फेब्रुवारी हा कवी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आपल्या शाळांतून मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. ज्या नाशिक नगरीत कुसुमाग्रजांचे आयुष्य गेले, तेथीलच एक तरुण वैमानिक, स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे, यांना २०१९ साली याच दिवशी काश्मीरमधील बडगाम येथे मृत्यू आला. त्यांचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. त्या दिवशीच्या कार्यक्रमांच्या घाईतून एक तासिका शिक्षक बंधुभगिनींनी या पाठासाठी राखून ठेवावी.

आरंभ हेलिकॉप्टरपासून करावा. आपल्या किनाऱ्यावरील मुलांना ते अपरिचित नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके तारकर्लीस झाली, ती कित्येकांनी पाहिली असतील. माडाच्या पातीचे भिरभिरे वर्गात करून घ्यावे. भिरभिऱ्याला वारा फिरवितो. हेलिकॉप्टरची पाती इंजिन फिरविते, ती हवेला खाली रेटतात आणि त्या रेट्याने यंत्र जागच्या जागी वर उचलले जाते. धावपट्टी लागत नसल्यामुळे डोंगराळ मुलखात रसद पोचविणे, जखमींना उचलून आणणे ही कामे त्याच्याकडे येतात. निनाद यांचे एमआय-१७ व्ही-५ हे रशियन बनावटीचे हेलिकॉप्टर सुमारे चार टन भार नेऊ शकते. मात्र ते लढाऊ विमानाच्या मानाने फार संथ असते.

निनाद यांचे शिक्षण नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत झाले. पुढे ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत शिकले. ही पूर्वशिक्षण संस्था राज्य शासनाची आहे आणि दहावीनंतर तेथे प्रवेश मिळतो, ही माहिती खेड्यातील पालकांपर्यंत क्वचितच पोचते. ती पाठाच्या ओघात अवश्य द्यावी.

आता पाठाचा अवघड भाग. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारतीय विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमाने सीमेकडे आली व आकाशात चकमक सुरू झाली. त्याच सुमारास श्रीनगरच्या तळावरून निघालेले निनाद यांचे हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. हवाई दलाचे सहाही जण आणि जमिनीवरील एक ग्रामस्थ प्राणास मुकले.

येथे मुले विचारतील, "गुरुजी, ते कोणी पाडले?" पुष्कळ शिक्षकांना "शत्रूने" असे उत्तर देऊन मोकळे व्हावेसे वाटेल. तसे करू नये. चौकशीत निष्पन्न झाले की, आपल्याच तळावरून सुटलेले क्षेपणास्त्र त्या हेलिकॉप्टरला लागले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी हवाई दलप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. जे दलाने स्वतः देशासमोर सांगितले, ते वर्गात झाकण्याचे कारण नाही. पुढे हीच मुले ते वृत्तपत्रात वाचतील, तेव्हा गुरुजींच्या इतर शब्दांवरचाही त्यांचा विश्वास डळमळेल.

असे कसे घडू शकते, हे रापणकऱ्यांच्या मुलांना समजाविणे कठीण नाही. काळोखात दर्यावर समोरची होडी कोणाची, हे दिव्याच्या खुणेवरून व हाकेवरून कळते. रडारवर तर केवळ एक ठिपका दिसतो. यंत्र त्याला सांकेतिक प्रश्न विचारते आणि आपल्या विमानातून ठरलेले उत्तर येते. या ओळखीत व परस्परांच्या संपर्कात खंड पडला की, आपला ठिपकाही परका वाटतो.

"मग ते वीर कसे?" हा प्रश्नही येईल, आणि तो उद्धटपणाचा समजू नये. लढाई चालू असता ते नेमून दिलेल्या कामावर होते. निनाद व त्यांचे सहवैमानिक स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ यांना २०२० च्या प्रजासत्ताक दिनी मरणोत्तर वायुसेना पदक जाहीर झाले.

दोषी कोण, यावर वर्गात वाद घालू नये. ते काम सैनिकी न्यायालयाचे. फळ्यावर मात्र सहाही नावे लिहावीत : निनाद मांडवगणे, सिद्धार्थ वशिष्ठ, विशालकुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार. त्यांच्याखाली 'बडगामचा एक ग्रामस्थ' असेही लिहावे.

गृहपाठास पाच वाक्ये द्यावीत. त्यांत "शत्रूने पाडले" असे आढळल्यास तांबड्या शाईने नुसते खोडू नये. मुलाला जवळ बोलावून तेवढे वाक्य त्याच्याकडूनच पुन्हा लिहवून घ्यावे.