अंगणातील सावली : वृक्ष व तृण यांची निवड

उद्देश : लवकर वाढणारे झाड आणि वेळेवर सावली देणारे झाड यांतील भेद विद्यार्थ्यांस निरीक्षणाने कळावा.

निवेदन : मालेगाव परिसरात चैत्र-वैशाखाचे ऊन प्रखर असते. म्हणून झाड निवडताना त्याची वाढ जितकी पाहावी, तितकीच उन्हाळ्यातील पालवीही पाहावी. शेवगा झपाट्याने वाढतो. परंतु त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहरही लवकर वाढतो; परंतु उन्हाळ्याच्या आरंभी तो बहुधा निष्पर्ण असतो. कडुनिंब व करंज यांस मात्र याच सुमारास नवी पालवी फुटते. झाड घराच्या पश्चिमेस, भिंतीपासून १५ ते २० फुटांवर लावावे. म्हणजे तिसऱ्या प्रहरी सावली घरावर येते.

काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडून रोपाची मुळे सुकतात. म्हणून आळ्यात पालापाचोळा पसरावा. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकू देऊ नये.

तृणांत हरळी उत्तम. पेरांचे तुकडे पावसाळ्यात लावावेत. दाट सावलीत ती विरळ होते. म्हणून मोकळ्या भागातच लावावी. शेतात ती चिवट तण ठरते, यास्तव बांधापासून दूर ठेवावी.

कृती : चैत्रात विद्यार्थ्यांनी गावातील पाच जातींच्या झाडांची पालवी व सावली वहीत नोंदवावी.

प्रश्न : १. गुलमोहर लवकर वाढूनही चैत्रात सावलीस अपुरा का पडतो? २. सुटीत शाळेच्या रोपांस पाणी कोण घालील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांच्या नावांनिशी फळ्यावर लिहावे. रोपाचे जगणे त्यावरच अवलंबून आहे.