मोटारीतला अँप्लिफायर आणि फ्यूजची जागा

मोटारीच्या बॅटरीची दोन अग्रे कोरड्या हातांनी धरली तर झटका बसत नाही. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. तो १०,००० ओहम धरला, तर १२ व्होल्टच्या दाबाने अंगातून जेमतेम १.२ मिलिअँपियर धारा वाहील. एवढ्यावरून पुष्कळांना वाटते की, भ्यायचे ते घरातल्या २३० व्होल्टना, मोटारीतल्या बारांना कसले भ्यायचे? आमच्या शेजाऱ्यांनी ह्याच समजुतीने गाडीत गाण्यांसाठी मोठा अँप्लिफायर बसवून घेतला. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी गाडीत रबर जळाल्याचा वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर निघू लागला. मागे दोन मुले बसली होती. सगळे चटकन उतरले, समोरच्या गॅरेजमधला माणूस पाना घेऊन धावला आणि त्याने बॅटरीची तार सोडवली, म्हणून गाडी वाचली. नंतर पाहिले तर अँप्लिफायरचा फ्यूज शाबूत होता!

तो का वितळला नाही, ह्याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या दोन सूत्रांत आहे.

समजा, अँप्लिफायर चार स्पीकरांना प्रत्येकी ५० वॅट, म्हणजे एकूण २०० वॅट देतो. साध्या अँप्लिफायरमध्ये घेतलेल्या शक्तीपैकी जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते. म्हणजे पूर्ण जोरात तो ४०० वॅट घेणार. घरच्या २३० व्होल्टवर त्यासाठी ४०० ÷ २३० = १.७ अँपियर पुरतात. मोटारीत मात्र ४०० ÷ १२ = ३३ अँपियर लागतात. दाब कमी, म्हणून धारा जास्त. गाणे सतत पूर्ण जोरात वाजत नसते हे खरे, पण तार निवडायची ती मोठ्यात मोठ्या धारेसाठी.

बॅटरी पुढे बॉनेटखाली आणि अँप्लिफायर मागे डिकीत, म्हणजे मध्ये सुमारे ५ मीटर तार आली. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेचा रोध दर मीटरला ०.०१७ ओहम असतो, तेव्हा ५ मीटरचा ०.०८५ ओहम. आकडा क्षुल्लक दिसतो ना? पण उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. ३३ × ३३ × ०.०८५ म्हणजे जवळजवळ ९३ वॅट! एका मोठ्या बल्बाएवढी उष्णता गालिच्याखाली कोंडलेली. शिवाय २.८ व्होल्ट तारेतच खर्च होणार. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर उष्णता ६ वॅटच्या आत येते. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. ॲल्युमिनियमचा विशिष्ट रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, हे लक्षात ठेवून दुकानदाराला विचारावे.

आता धुराकडे वळू. बॅटरीचे ऋण अग्र गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते, म्हणजे सारी गाडीच परतीची तार असते. धन तार इंजिनाच्या बाजूने आत आणताना पत्र्याला भोक पाडावे लागते. त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवले नाही, तर गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेचे आवरण कापत जाते. शेजाऱ्यांकडे हेच झाले. तांबे पत्र्याला टेकले की बॅटरीचा अंतर्गत रोध आणि तेवढ्या तुकड्याचा रोध मिळून, समजा, ०.०१२ ओहम उरला. मग १२ ÷ ०.०१२ = १,००० अँपियर! टेकल्या जागेचा रोध धरला तर आकडा खाली येईल, तरी तो शेकड्यांत राहील.

ही धारा बॅटरीतून निघाली, पत्र्यात शिरली आणि परत बॅटरीत गेली. डिकीपर्यंत ती पोचलीच नाही. फ्यूज मात्र डिकीत, अँप्लिफायरजवळ होता. तो वितळणार कसा? मुख्य फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतोच, तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या अग्रापासून दीड फुटाच्या आत हवा, आणि तारेला सोसेल त्याहून मोठा कधीही नको. आपल्या उदाहरणात ४० अँपियरचा चालेल.

काम सुरू करताना आधी ऋण अग्र सोडवतात, ह्यालाही कारण आहे. ऋण अग्राचा नट फिरवताना पाना सांगाड्याला लागला तरी दोन्हीकडे विभव सारखेच. धन अग्र आधी सोडवू लागलात आणि पाना पत्र्याला लागला, तर ती शेकडो अँपियरची धारा पान्यातून वाहील, बोटात अंगठी असली तर कदाचित तिच्यातूनही. जोडताना ऋण अग्र शेवटी. परतीची तार तितकीच जाड आणि आखूड असावी, आणि पत्र्यावरचा रंग खरवडून घट्ट आवळावी. विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांत शेकडो व्होल्टच्या नारिंगी तारा असतात, तिथे बारा व्होल्टचा हिशेब लागू नाही. त्यांना हात लावू नये.

राहिला गेन. पुष्कळ लोक तो आवाजाचा खटका समजून पूर्ण फिरवतात. स्पीकरचा रोध ४ ओहम असेल, तर ५० वॅटसाठी दाब ५० × ४ = २०० चे वर्गमूळ, म्हणजे १४.१ व्होल्ट हवा. स्पीकर सोडवावेत, फिल्टर बंद करावेत, ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावून रेडिओचा आवाज पाऊण ठेवावा, आणि अँप्लिफायरच्या अग्रांवर मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवावा. १४.१ दिसले की थांबावे. त्यापुढे तरंगांचे माथे कापले जाऊ लागतात. पूर्ण चौकोनी झालेला तरंग तेवढ्याच उंचीच्या शुद्ध तरंगाच्या दुप्पट शक्ती देतो, आणि ५० वॅटच्या स्पीकरच्या वेटोळ्यात १०० वॅट ओतले जातात.