पिंपाच्या गाळातला सूत्रकृमी

पिंपाचा तळ धुताना गाळात केसासारखे काही वळवळताना दिसते. "हाच पोटात जाऊन जंत होतो," असे अनेक घरांत समजतात. म्हणून आपण हा जीव नीट ओळखून घेऊ.

शरीर : हा बहुधा एक-दोन मिलिमीटर लांबीचा मुक्तजीवी सूत्रकृमी असतो. अंग गोल, पारदर्शक, दोन्ही टोकांना निमुळते. गांडुळासारखी वलये नाहीत. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असल्याने तो आखडत-पसरत नाही, नागमोडी फटकारे मारतो. हृदय नाही, फुप्फुस नाही. प्राणवायू त्वचेतूनच आत जातो. तोंड, अन्न ओढून घेणारा घसा आणि सरळ आतडे एवढीच त्याची पचनसंस्था. पाण्यातल्या अनेक जातींच्या शेपटीत चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. त्यामुळे तो वाळूच्या कणाला धरून राहतो.

राहण्याची जागा : नदी-तळ्याचा गाळ, नळाच्या आतला बुळबुळीत थर, न धुतलेल्या टाकीचा तळ. तिथले जिवाणू आणि शेवाळ हे त्याचे अन्न. टोब्रिलस नावाचे सूत्रकृमी तळ्यांच्या गाळात राहतात.

धोका कोणता? पोटातला गोल जंत याच संघातला, पण वेगळा. तो वीतभर वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेने दूषित झालेली माती, हात व भाजीपाला यांतून पोटात जातात. गाळातला सूत्रकृमी आपल्या आतड्यात घर करत नाही. मात्र तो दिसला, म्हणजे टाकीत गाळ आणि जिवाणू साचले आहेत. शिवाय क्लोरीनला तो जिवाणूंपेक्षा जास्त दाद देत नाही. त्याने गिळलेले रोगजंतू क्लोरीनपासून बचावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून गाळावर नुसती टीसीएल पावडर टाकून भागत नाही.

काय करावे : पिंप दर आठवड्याला रिकामे करून तळ व कडा घासाव्यात, कोरडे करावे, मग भरून झाकावे. पाण्याच्या पृष्ठभागाला लटकणाऱ्या अळ्या डासांच्या. डेंग्यूचा डास त्यांतूनही निघू शकतो. त्यांनाही हाच उपाय. सूत्रकृमी कापडातूनही निसटतो, म्हणून गाळलेले पाणी उकळी फुटल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळावे. लहान मुले, गरोदर बाया आणि आजारी माणसे यांना तेच पाणी द्यावे.