कल्पनेतल्या डोंगराचे रंग

१. आधी उजेड, मग रंग. आकाशात दोन सूर्य काढा, डोंगर तरंगते काढा. ते खरे वाटतात फिक्या-गडदाच्या मेळामुळे. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सगळ्यांत वर राखाडी रंगाचा लेअर ‘कलर’ मोडवर ठेवते आणि काम करताना तो चालू-बंद करत राहते. तो चालू केला की चित्रातले रंग जातात. रंग गेल्यावर कडा आणि आकाश एकमेकांत मिसळत असतील, तर जांभळा कितीही झळाळला तरी चित्र उभं राहत नाही.

२. रंग आपल्या मुलखातले घ्यावेत. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बेळगावची माती जांभ्याची. जांबोटीकडं पावसात ती काळपट तांबडी होते आणि तिच्यावरचा हिरवा अंगावर येतो. तवंदी घाट उतरून निपाणीकडं आलं की काळी माती, तंबाखूची शिवारं. कापणीनंतर शेतातच उन्हात पसरलेलं पान हिरव्यातून पिवळं, पिवळ्यातून तपकिरी होत जातं, आणि मधल्या दिवसांत एकाच पानावर हे तिन्ही रंग दिसतात. माझ्या ड्रॅगनच्या दरीच्या चित्रात हाच क्रम आहे. तयार पॅलेट डाउनलोड करून असा रंग मिळत नाही.

लांबचं सगळं निळं करायचं, हे सूत्रही आपल्या हवेवर तपासून घ्यावं. चैत्रातल्या धुळीत बेळगावजवळच्या राजहंसगडावरून दिसणारी क्षितिजाची कड मातकट पिवळी असते.

३. रंग कमी ठेवावेत. ‘डायनोटोपिया’चे चित्रकार जेम्स गर्नी यांनी ‘कलर अँड लाइट’ (२०१०) या पुस्तकात रंगचक्राचा काही भाग झाकून उरलेल्यातच चित्र करण्याची रीत समजावली आहे. तांबडा, पिवळा आणि मळकट हिरवा एवढेच उघडे ठेवा. त्यांच्या शेजारी साधा राखाडीसुद्धा निळा भासतो. जादूच्या नदीला तेवढा निळा पुरतो.

४. शैलीच्या मागं धावू नये. चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावात जन्मले, चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे शिकले. गुरूंचा हात वास्तवदर्शी, शिष्याची निसर्गचित्रं अलंकारिक, रंगांनी भरलेली. गुरूकडून घ्यायची ती पाहण्याची शिस्त, असं मी त्यातून समजते.

५. छापायचं असेल तर सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छपाईत रंग कसे उतरतील ते पडद्यावरच दाखवणारी सोय, सुरुवातीलाच चालू करावं. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे कागदावर मंद होतात. जांभ्याचा तांबडा बऱ्यापैकी टिकतो.