शिट्टी बदलते, तसा खेळ बदलतो

“आता बचाव उरलाच नाही हो,” हे वाक्य बास्केटबॉलच्या कुठल्याही मैदानाच्या कडेला ऐकायला मिळतं. म्हणणारा बहुधा चाळिशीच्या पुढचा असतो आणि त्याने जॉर्डनचा काळ पाहिलेला असतो. मीही तो पाहिला आहे. जिल्हा पातळीवर पंच म्हणून बरीच वर्षं शिट्टी फुंकली आणि घरात केबल आली तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर अमेरिकेतली एनबीए बघत आलो. ‘बचाव उरला नाही’ हे मला पटत नाही. बचाव कुठेही गेलेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली आहे. ती कशी बदलली, त्याबद्दल जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. नियम बदलला की आधी विचारावं, कोणाचे हात सुटले आणि कोणाचे बांधले गेले?

नव्वदच्या दशकात चेंडूवाल्यासमोर उभ्या असलेल्या बचावपटूला बरीच मोकळीक होती. हात लावायचा, कोपरापासूनचा हात आडवा टाकायचा, कंबरेला रेटा द्यायचा. उरलेल्या चौघांना मात्र जखडून ठेवलेलं होतं. एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, १९४७ पासून बंदी होती, आणि ऐंशीच्या दशकापासून ‘इल्लीगल डिफेन्स’ नावाचं किचकट कलम आलं. त्याचा मथितार्थ इतकाच, की प्रत्येकाने आपापल्या माणसाजवळ राहायचं, नाहीतर सरळ चेंडूवाल्यावर दुसरा म्हणून धावून जायचं. मधल्या मोक्याच्या जागी नुसतं उभं राहायचं नाही. पहिल्यांदा ताकीद मिळायची, त्यानंतर थेट फ्री थ्रो.

प्रशिक्षकांनी यातून काय काढलं? ज्यांना बाहेरून बास्केट मारता येत नाही असे तीन खेळाडू मैदानाच्या एका बाजूला नेऊन उभे केले. त्यांच्यामागे त्यांचे तीन बचावपटूही नाइलाजाने तिकडे गेले. उरलेल्या अर्ध्या मैदानात संघाचा हुकमी खेळाडू आणि त्याच्यासमोर एकटा बचावपटू. दहा-बारा सेकंद पाठ लावून रेटारेटी करायची आणि मग शॉट. बाकीचे आठ जण प्रेक्षकच, फक्त त्यांच्या अंगावर जर्सी असायची. चार्ल्स बार्कलीने पाठीने रेटत आत जाण्याची अशी काही कला साधली होती, की पाच सेकंदांहून जास्त वेळ पाठ करून ड्रिबल करायचा नाही, हा पुढे आलेला नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

१९९४ च्या अंतिम फेरीत ह्युस्टन आणि न्यू यॉर्क सात सामने खेळले. एकाही सामन्यात एकाही संघाचे शंभर गुण झाले नाहीत. पुढे १९९८-९९ च्या मोसमात संघाची सरासरी ९२ च्याही खाली घसरली. मग जेरी कोलँजेलो यांच्या समितीने २००१ मध्ये ते इल्लीगल डिफेन्सचं कलम काढून टाकलं. झोन खुला झाला. सोबत एकच अट आली, की रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात, म्हणजे पेंटमध्ये, कोणाला हाताच्या अंतरावर न धरता तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. मग २००४-०५ पासून चेंडूवाल्याच्या अंगावर हात ठेवण्यावर कडक शिट्ट्या वाजू लागल्या.

तीन वर्षांत सगळं उलटंपालटं झालं. चेंडूसमोरच्या माणसाचे हात बांधले गेले आणि मागच्या चौघांचे सुटले. म्हणून कोणी “आजच्या नियमांत जॉर्डनने रोज पन्नास मारले असते” असं म्हणालं, की मी विचारतो, त्याच्या अंगावरचा हात काढलात, पण त्याच्या वाटेत आज तिघं जण सरकून उभे राहतील, त्यांचं काय करणार? हिशोब करायचा तर दोन्ही बाजूंचा करा.

२. पुस्तकातला नियम एक आणि शिट्टीतला नियम दुसरा.

२००४ मध्ये ‘हँड चेकिंग’, म्हणजे चेंडूवाल्याच्या अंगावर हात ठेवणं, नव्याने गुन्हा ठरलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. त्यावर बंधनं सत्तरच्या दशकाच्या शेवटीच आली होती आणि १९९४ मध्ये ती आणखी आवळली गेली. २००४ मध्ये पंचांना सांगण्यात आलं, की आता हे खरोखरच वाजवायचं. मोसमाआधी लीग पंचांना दोन-चार बाबी ठळक करून देते, आणि बहुतेक मोठे बदल तिथून येतात. २०१८ मध्ये चेंडूशिवाय पळणाऱ्याला धरून ठेवण्यावर अशीच नजर रोखली गेली. आक्रमक रिबाउंडनंतर शॉट क्लॉक २४ ऐवजी १४ वर आणण्याचा नियमही त्याच मोसमात आला. संघांची सरासरी साधारण १०६ वरून १११ वर गेली.

पंच म्हणून उभं राहिल्यावर हा हात काय चीज आहे ते कळतं. गॅलरीतून तो दिसतच नाही. ड्रिबल करणारा उजवीकडे वळणार, त्याच्या आधी त्याची कंबर वळते. बचावपटूने तिथे तळवा नुसता टेकवला असेल, तर वळण्याचा बेत त्याला डोळ्यांआधी हाताला कळतो. ढकलायची गरजच नसते. अर्धा सेकंद हातात येतो आणि तेवढ्यात पाऊल टाकून वाट अडवता येते. तो हात काढा, म्हणजे बचावपटूला अंदाजासाठी फक्त डोळे उरतात. समोरचा चपळ असेल तर डोळे कायम एक पाऊल मागे.

३. नियम खेळाडू घडवत नाही, असलेल्याचा भाव वर-खाली करतो.

स्टीव्ह नॅश २००४ च्या उन्हाळ्यात डॅलस सोडून फिनिक्सला गेला. सहा फूट तीन इंच, उडी बेताची, अंगापिंडाने किरकोळ, वय तिशीचं. आदल्या मोसमात फिनिक्सने २९ सामने जिंकले होते, त्या मोसमात ६२ जिंकले. नॅश लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका उन्हाळ्यात तो काही नवं शिकून आला नव्हता. स्क्रीन घेऊन वळायचं, दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत ड्रिबल जिवंत ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी पास सोडायचा, हे त्याला आधीपासून येत होतं. आता त्याच्या कंबरेवर कोणाचा हात नव्हता. माइक डँटोनी या प्रशिक्षकाने ते ओळखलं आणि पहिल्या सात सेकंदांतच शॉट घेणारा संघ बांधला. नियम बदलला नसता तरी नॅश उत्तमच खेळला असता, पण सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला सलग दोनदा मिळाला असता का, याची मला शंका आहे.

भाव उतरलेलेही आहेत. इंडियानाचा रॉय हिबर्ट, सात फूट दोन इंच. हात सरळ वर करून जागच्या जागी उभी उडी मारली आणि समोरचा येऊन आदळला तर बचावपटूचा फाऊल नाही, हे तत्त्व त्याने इतकं चोख वापरलं, की २०१४ मध्ये तो ऑल-स्टार होता. पण समोरच्या संघांचे उंच खेळाडूही बाहेरून तीनचे शॉट मारू लागले, आणि हिबर्टला रिंग सोडून त्यांच्यामागे धावावं लागलं. २०१७ नंतर तो एनबीएत दिसला नाही.

याच्या उलट ब्रूक लोपेझ. तोही सात फुटी, पोस्टमध्ये पाठ लावून खेळणारा. पहिल्या आठ मोसमांत मिळून त्याने तीनचे अवघे ३ शॉट मारले होते. नवव्या मोसमात मारले १३४. मला विचाराल, तर एनबीएतल्या गेल्या पंचवीस वर्षांची गोष्ट एका माणसात सांगायची झाली तर करी आणि लेब्रॉन दोघांनाही बाजूला ठेवून मी लोपेझचं नाव घेईन.

४. नियमाची शाई वाळायच्या आत प्रशिक्षकाला पळवाट सापडते.

बचावपटूने पेंटमध्ये तीन सेकंद थांबायचं नाही ना? ठीक. २.९ सेकंद थांबायचं, एक पाय रेषेबाहेर टेकवायचा आणि परत आत. या पायपिटीला तिकडचे लोक ‘टू-पॉइंट-नाइन’ असंच म्हणतात. टॉम थिबोडो यांनी २००७-०८ मध्ये बॉस्टनसाठी जो बचाव रचला, त्यात चेंडूच्या बाजूला एक जास्तीचा माणूस सरकवून गर्दी करायची आणि दूरच्या बाजूचा सगळ्यात कठीण पास तेवढा खुला सोडायचा, अशी योजना होती. केव्हिन गार्नेट मागून ओरडून प्रत्येकाला जागा सांगायचा. बॉस्टन विजेतं ठरलं आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक संघ तीच नक्कल करू लागले. २००१ पूर्वी हा बचाव नियमबाह्य ठरला असता.

या गर्दीवर आक्रमणाकडे उत्तर एकच होतं. पाचही खेळाडू बाहेरून मारणारे ठेवा, म्हणजे गर्दी करायला कोणी मोकळाच राहणार नाही. लोपेझ बाहेर आला तो या कारणाने.

५. आक्रमकही साळसूद नसतो.

शॉटचा बहाणा करून बचावपटूला हवेत उडवायचं आणि मग आपणच तिरकी उडी मारून त्याच्या अंगावर जायचं. किंवा त्याच्या हातात स्वतःचा हात अडकवायचा आणि चेंडू वर भिरकावून पंचाकडे बघायचं. जेम्स हार्डन आणि ट्रे यंग यांनी यावर फ्री थ्रो अक्षरशः वसूल केले. २०२१-२२ पासून अशा अनैसर्गिक हालचालींवर बचावपटूचा फाऊल द्यायचा नाही असं ठरलं, आणि पहिल्याच आठवड्यांत या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले. हा बदल मला मनापासून आवडला. तो बचावाच्या बाजूचा आहे म्हणून म्हणत नाही. पंचापुढे नाटक करण्याची सवय त्याने थोडी तरी मोडली.

६. सगळं खापर बचावाच्या नियमांवर फोडू नये.

तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९ मध्ये आली. पहिल्या मोसमात एक संघ सामन्यामागे तीनचे तीन शॉटही घेत नव्हता, आता सदतीसच्या आसपास घेतो. रेषा त्याच अंतरावर आहे. मधे तीन मोसम ती जवळ आणली होती, तेवढा अपवाद. साधं गणित आहे. लांबून शंभरांत पस्तीस गेले तर १०५ गुण, मधल्या अंतरावरून चाळीस गेले तरी ८०. हे गणित १९७९ मध्येही तेवढंच खरं होतं. मांडून बघायला लोकांना तीस वर्षं लागली, याला कोणताही नियम जबाबदार नाही.

७. लंबक परत येतो.

जानेवारी २०२४ मध्ये पाच दिवसांच्या आत जोएल एम्बीडने ७० आणि लुका डॉन्चिचने ७३ गुण केले. हे जरा अतीच होतंय, असं सगळीकडून ऐकू येऊ लागलं. त्याच मोसमाच्या उत्तरार्धात शिट्ट्या कमी झाल्या, फ्री थ्रो घटले आणि गुणही उतरले. नियमपुस्तिकेचं एक पानही बदललं नव्हतं. पुढच्या वर्षी ओक्लाहोमा सिटी अंगाला अंग भिडवणाऱ्या बचावावर विजेतं ठरलं.

मोसमाच्या मध्यात असं वारं फिरवणं मला पटत नाही. खेळाडूला निदान नियम कोणता ते माहीत असायला हवं.

८. टीव्हीवर बघितलेलं आपल्या मैदानावर लागू होईलच असं नाही.

आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात. त्यात बचावाचा तीन सेकंदांचा नियम नाही. उंच मुलगा रिंगखाली सामनाभर ठाण मांडून बसला तरी शिट्टी वाजणार नाही. त्यामुळे एनबीएत जी वाट रिकामी दिसते, ती नागपाड्यात किंवा पुण्यात भरलेली असते. पोरं टीव्हीवर पाहिलेली धाव इथे मारतात, मध्ये उभ्या असलेल्या भिंतीवर आपटतात आणि वर विचारतात, “सर, तीन सेकंद नाही का झाले?” नाही झाले, बाळा. चेंडू रिंगला लागल्यावर तो उडवून लावायलाही आपल्याकडे परवानगी आहे, तिकडे नाही. रिंगखालचा अर्धगोल, ज्यात उभं राहून चार्ज मागता येत नाही, तो मात्र दोन्हीकडे आहे. एनबीएत १९९७ पासून, फिबात २०१० पासून. वाद बहुतेक या अर्धगोलावरूनच होतात, कारण पाऊल रेषेवर होतं की बाहेर, हे दोन्ही संघांना नेहमी वेगवेगळं दिसतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे संघ मुंबईत वरळीला खेळले. पहिला सामना जादा वेळेत गेला, १३२-१३१. त्या वेळी इथल्या कित्येकांना पहिल्यांदा जवळून बघायला मिळालं, की हे सात फुटी सेंटर सामन्याचा निम्मा वेळ रिंगपासून वीस फुटांवर काढतात.

तेव्हा मुलांना शिकवणाऱ्यांना एक विनंती. एनबीएची क्लिप दाखवा, जरूर दाखवा. पण ती दाखवताना चेंडू जिथे आहे तिथून बोट हलवा आणि मागच्या चौघांवर ठेवा. कोण कुठे सरकला, कोणी एक पाय बाहेर टाकला, कोणी आपला माणूस सोडून दोन पावलं आत घेतली, हे मुलांकडून वदवून घ्या. आणि मग सांगा, यातलं आपल्या नियमात काय बसतं आणि काय नाही.